सातवी तार

माझ्या धाकट्या भावाला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी त्याला कोपऱ्यावरून चार खिळे आणायला पाठवलं, तर हा दोन तासांनी परत आला, हातात मांजरीचं पिल्लू आणि खिशात एकही खिळा नाही. वडील म्हणाले, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, याच्या डोक्यालाच आहे." तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि जेवणाच्या डब्यावरही त्यानं स्वतःच्या हातानं 'भिंगरी' असंच रंगवलंय.

तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. मी त्याच कंपनीत तक्रारींचे फोन घेते. माझ्या टेबलावर दोन फोन, एक जाडजूड वही आणि भिंतीवर सगळ्या इमारतींची यादी. कुठली लिफ्ट अडकली, कुठलं दार लागत नाही, कुठं माणूस आत कोंडलाय, हे शहरात सगळ्यात आधी मला कळतं. भावाला या कंपनीत मीच आणलं. आणलं म्हणजे, त्याच्या आधीच्या तीन नोकऱ्या गेल्या तेव्हा साहेबांच्या डोक्याशी इतकी भुणभुण लावली की त्यांनी कंटाळून त्याला घेतलं.

पण एकदा घेतल्यावर त्यांना पस्तावा झाला नाही. भिंगरीचे कान विलक्षण होते. लिफ्टच्या दाराला कान लावून तो सांगायचा, "तिसऱ्या मजल्यावरचं चाक कुरकुरतंय, महिनाभरात पडणार." महिनाभरात ते पडायचंच. आणि माणसं आत अडकली की साहेब त्यालाच पाठवायचे. तो बाहेरून पाना फिरवता फिरवता आतल्यांशी अशा गप्पा ठोकायचा की एकदा पाऊण तास कोंडलेल्या आजीबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अरे, गोष्ट अर्धीच राहिली की!" त्याचा डबा मात्र कायम कुठल्यातरी दुसऱ्याच इमारतीत राहिलेला असायचा. चष्मा डोक्यावर, आणि हा सगळीकडे चष्मा शोधतोय. मी त्याला जन्मभर एकच वाक्य ऐकवलं, "जरा लक्ष देत जा रे." दिवसातून दहा वेळा तरी ऐकवलं असेल. ते आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

आता त्या तारांबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येतं. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कुलूप असतं. सगळी दारं नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, अशी त्याची जोडणी असते. एखाद्या दारात दोष असेल तर तो शोधायला मेकॅनिक एक हातभर लांब तार घेतो, दोन्ही टोकांना चिमटे, आणि ती वरच्या यंत्राच्या खोलीत त्या जोडणीवर लावतो. याला ते जंपर म्हणतात. जंपर लावला की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. दार सताड उघडं असलं तरी ती चालते. काम झालं की जंपर काढायचा. एवढंच. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच बजावतात.

तीन वर्षांपूर्वी एका चार मजली इमारतीत चौथ्या मजल्याचं कुलूप झिजलं होतं. भिंगरीनं जंपर लावला, दोष शोधला, चौथ्याचं दार नुसतं ओढून घेतलं आणि नवं कुलूप स्कूटरच्या डिकीत राहिलं म्हणून त्याच लिफ्टनं खाली आला. जंपर तसाच वर. चौथ्या मजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटीही लावली नव्हती. ती त्याच्या काखेत होती.

खाली आला आणि त्याचा फोन वाजला.

तो फोन माझा होता. त्याला पुढच्या कामाचा पत्ता सांगायचा होता, अर्ध्या मिनिटाचं काम. पण तो त्या इमारतीच्या सेक्रेटरीची नक्कल करायला लागला. सेक्रेटरी लिफ्टशीही इंग्रजीत बोलतात म्हणे. मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि फोनमधून आवाज आला. काहीतरी आधी कडेला घासलं, मग लोखंडावर आपटलं, मग परत आपटलं, आणि मग धाडकन लिफ्टच्या टपावर पडलं. माझं हसू तिथंच तुटलं.

चौथ्या मजल्यावर गणिताच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांचा गुडघा अधू. दार ओढलं, ते उघडलं, म्हणजे लिफ्ट आली असं त्यांनी धरलं. सवयीनं आधी काठी आत टेकवली आणि तिच्यावर भार दिला. खाली काहीच नव्हतं. दुसऱ्या हातात दाराची मूठ होती म्हणून त्या वाचल्या. खांदा निखळला, आणि त्या उंबऱ्यातच बसून राहिल्या. काठी चार मजले खाली जाऊन लिफ्टच्या टपावर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. बाई आजही त्याच घरात आहेत, पण त्या दिवसापासून एकदाही खाली उतरलेल्या नाहीत. जिन्यानंसुद्धा नाहीत.

भिंगरी त्यांना भेटायला गेला, सोबत मीही होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "काठी सापडली का?" त्यानं नवी काठी पुढं केली. त्यांनी घेतली आणि दाराच्या मागे उभी करून ठेवली. जुनीचे दोन तुकडे भिंगरीनं आमच्या ऑफिसच्या कपाटात ठेवलेत, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे. मी कितीदा म्हटलं, टाकून दे. तो ऐकत नाही.

चौकशी झाली, तीन महिने घरी बसवलं. त्या तीन महिन्यांत भावजयीनं त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन-तीन भेटींत खूप प्रश्न विचारले, लहानपणापासूनचे. अर्ध्याअधिक प्रश्नांची उत्तरं मीच दिली, आणि देता देता माझा आवाज खाली खाली जात गेला. त्या म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी ठरतच नाही, जन्मापासूनचं आहे, फक्त कुणी ओळखलं नाही. भिंगरी म्हणाला, "म्हणजे मी निष्काळजी नाही?" आणि मोठ्या माणसासारखा रडलासुद्धा नाही, लहान मुलासारखा रडला. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी एक. पहिल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. मग म्हणाला, "ताई, किती शांत आहे गं. कुणीतरी एकदम सगळे रेडिओ बंद केलेत." कामावर परत घेतलं तेव्हा साहेबांनी एक नियम केला, की मेकॅनिकनं आपले जंपर मोजून न्यायचे आणि मोजून आणायचे. भिंगरीकडे सात तारा होत्या. त्यानं प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातला. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडायच्या, मी बोट ठेवून मोजायच्या, वहीत खूण करायची. आणि मी माझ्यापुरता एक नियम केला, की काम चालू असताना त्याला फोन करायचा नाही. जग बुडालं तरी नाही.

दोन वर्षं सात म्हणजे सातच.

डबा हरवेना, चष्मा हरवेना. पण डब्यातलं जेवण तसंच परत यायला लागलं, दुपारी त्याला भूकच लागेना. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. तोंडाला कोरड, छातीत कधी धडधड. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं प्रमाण खालीवर करून पाहिलं, थोडा फरक पडला. कामावरची मंडळी सकाळी विचारायची, "काय भिंगरी, चार्जिंग झालं का?" तो हसल्यासारखं करायचा. शिवाय दर महिन्याला गोळ्यांसाठी डॉक्टरीणबाईंची नवी चिठ्ठी आणायची, ते लक्षात ठेवायचं. विसरू नये म्हणून जी गोळी, तीच आणायला विसरायचं, असंही दोनदा झालं. तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो.

आणि त्याची शिटी बंद झाली. पूर्वी तो जिना चढायला लागला की दोन मजले खालून शिटी ऐकू यायची. आता आत अडकलेल्यांना तो म्हणायचा, "पंधरा मिनिटांत उघडतो," आणि पंधराव्या मिनिटाला दार उघडायचा. कुणाला एक गोष्ट नाही सांगायचा. भावजय मला एकदा म्हणाली, "ताई, घरात एक फार व्यवस्थित पाहुणा राहायला आलाय असं वाटतं. वस्तू जागच्या जागी ठेवतो, वेळेवर झोपतो. रागावायलासुद्धा काही ठेवत नाही." मी हसले. आणि त्याच्या वाढदिवसाला, सगळ्यांदेखत, माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची भिंगरी बंद पडली बाई. चावी कुठं असते हिची?" सगळे हसले. तोही हसला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी जिन्यातून शिटी ऐकू आली. तो आला तो माझ्या टेबलावर टिचकी मारत, साहेबांची नक्कल करत. मी एका क्षणात ओळखलं की यानं गोळी सोडली. मी त्याला काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. भावजयीलाही कळलं असणार, तीही त्या दिवसांत खुशीत होती. आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल चकार शब्द बोललो नाही. तारा रोज संध्याकाळी मोजत होतेच की, सात भरत होत्या; सकाळी नेताना मोजायचं त्यानं सोडलं होतं, तिकडं मी काणाडोळा केला. मग कशाला मोडता घाला, असं मी मनाला सांगत राहिले. असे तीन आठवडे गेले.

मग एका बुधवारी साडेपाचला त्यानं तारा मांडल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तो पिशवीत हात घालून राहिला. पिशवी उलटी केली. पाने, स्क्रूड्रायव्हर, फडकं, बिस्किटाचा कागद. सात नंबर नव्हता.

"कुठं आहे?" मी विचारलं.

"ताई, मला माहीत नाही."

"आज कुठं कुठं गेला होतास?"

पाच ठिकाणी गेला होता. पाचपैकी कुठल्यातरी लिफ्टवर जंपर राहिलाय, ती दार उघडं ठेवून चालतेय, आणि ऑफिसं सुटायची वेळ. मी दोन्ही फोन उचलले. "लिफ्ट बंद करा. कारण मागून विचारा, आधी मेन बंद करा." चार ठिकाणच्या रखवालदारांनी ऐकलं. पाचवं होतं डोळ्यांचं हॉस्पिटल. त्यांचा फोन लागेना. एंगेज, एंगेज, परत एंगेज.

"त्यांच्याकडं ऑपरेशनचा दिवस आहे आज," भिंगरी म्हणाला. तो किल्ली घेऊन निघालाही.

मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लिफ्टपुढं रांग होती. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी माणसं, नातेवाइकांचा हात धरून उभी. लिफ्ट वर गेलेली होती. भिंगरी रांगेत घुसला आणि दारापुढं दोन्ही हात पसरून उभा राहिला. "कुणी दाराला हात लावायचा नाही!" असा ओरडला की एक आजोबा खालीच बसले. मग मला तिथं उभं करून तो जिन्यानं पाच मजले धावत गेला. मी हात पसरून उभी होते, लोक मला वेडी समजत होते, आणि माझ्या कानात ती काठी पडत होती. कडेला घासून, लोखंडावर, परत लोखंडावर.

तो वीस मिनिटांनी खाली आला. "इथं नाही."

मग उरलेल्या चारही इमारती. तीच माळ्यावरची यंत्राची खोली, तोच टॉर्च, तीच जोडणी बोटांनी चाचपून पाहणं. दुसरीत नाही. तिसरीत नाही. चौथीत तो जोडणीपुढं बसला आणि म्हणाला, "ताई, इथं मी लावली होती. मला दिसतंय, मी लावतोय." तिथं नव्हती. पाचवीतही तो हेच म्हणाला. तिथंही नव्हती. साडेसात वाजले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट घामानं ओला चिंब.

त्याच्या घरी गेलो. दार उघडता उघडता भावजयीनं आमची तोंडं पाहिली. मी सांगितलं तशी ती गॅलरीत गेली आणि तिथून म्हणाली, "लाल तार का? ही बघा."

गॅलरीत तिनं कुंडीत एक वेल लावलाय. तो कठड्याला बांधलेला होता. लाल तार, दोन्ही टोकांना चिमटे, पांढऱ्या रंगात सात.

"सकाळी तुम्हीच नाही का बांधलीत?" ती म्हणाली. "चहा पिता पिता. वेल खाली येत होता, तुम्ही म्हणालात थांब, आणि पिशवीतून काढून बांधलीत. मला काय माहीत ती कसली ते."

"मी?" भिंगरी म्हणाला.

माझ्या जिवात जीव आला. भावजय तर हसायलाच लागली. "म्हणजे लिफ्टवर राहिलीच नव्हती! कुठंच काही धोका नव्हता. उगाच जिवाला घोर." मीही मान हलवली. चला, सुटलो. गोळीबिळी काही नको, तारेचा हिशेब लागला.

भिंगरी वेलाकडे बघत राहिला. "पाच ठिकाणी गेलो, ताई," तो म्हणाला. "दोन ठिकाणी मला मी ती लावताना दिसलो. डोळ्यांसमोर दिसलो. आणि इथं बांधताना अजूनही दिसत नाहीये." मग तो आत जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. भावजयीचं हसणं थांबलं.

मी विचारलं, जे तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं. "गोळी का सोडलीस? भूक लागत नाही म्हणून? की मी त्या दिवशी बोलले म्हणून?"

"ते आहेच," तो म्हणाला. "तेवढ्यावर मी नसती सोडली."

"मग?"

तो हाताची नखं बघत बोलायला लागला. "पूर्वीही ती काठी पडायची माझ्या डोक्यात. पण अर्ध्यात दुसरं काहीतरी यायचं. कुणी हाक मारायचं, पाखरू दिसायचं, मला गाणं आठवायचं, आणि काठी मधल्या मधे राहायची. गोळी घेतली की तसं होत नाही. जे धरलं ते सुटतच नाही. कुलूप धरलं तर कुलूप, आणि काठी आली तर काठी. रोज सकाळी, गोळी लागू झाली की तासाभरात येते. चौथ्यापासून खालपर्यंत पूर्ण पडते. कडेला घासते, दोनदा आपटते, टपावर येते. आणि शेवटी तू हसता हसता थांबतेस, ते. ते सगळ्यात वाईट आहे गं, ताई. काठी सहन होते."

मला वाटलं होतं, ते फक्त मलाच ऐकू येतं.

भावजय डोळे पुसत म्हणाली, "मग नका घेऊ. मला पाहुणा नको घरात, पण असं रोज जळणारं माणूसही नको. दुसरं काही काम बघू." तिचंही काही चुकीचं नव्हतं. मी काहीच म्हणाले नाही. आधीच खूप बोलून बसले होते. त्यानं उठून गॅलरीतली तार सोडली, वेलाला नाड्याचा तुकडा बांधला, तार गुंडाळून पिशवीत ठेवली. मी निघाले तेव्हा त्यानं काय ठरवलंय ते मला कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले आणि जिन्याकडं कान लावून बसले. शिटी आली तर गोळी घेतली नाही. नाही आली तर घेतली. यातलं नेमकं काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नऊ वाजून गेले. पावलं वाजली. नुसती पावलं. तो आत आला, पिशवी ठेवली आणि सात तारा मोजून पिशवीत घातल्या. मोजताना ओठ हलत होते.

पुढं तो डॉक्टरीणबाईंकडे गेला, या खेपेला काठीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत? गोळीचं प्रमाण थोडं बदललं, आणि काठीबद्दल बोलायला दर आठवड्याला एका वेगळ्या बाईंकडे पाठवलं. तिथं तो जातो. कधीमधी शिटीही येते हल्ली, संध्याकाळच्या सुमाराला, गोळी उतरल्यावर. भावजय त्या वेळी मुद्दाम कामं काढून ठेवते, आणि घरी त्या दोघांची भांडणंही परत सुरू झालीत. गणिताच्या बाई मात्र अजून खाली आलेल्या नाहीत.

आता मी त्याला दिवसातून एकच फोन करते. सकाळी दहाला, तो पहिल्या इमारतीत शिरायच्या आधी.

"काठी पडली?" मी विचारते.

"पडली," तो म्हणतो.

"माझीही," मी म्हणते, आणि त्याला पहिल्या तक्रारीचा पत्ता सांगते.